वरून रूळ ओळखायचे: जवळचं चित्र, मधलं की लांबचं?

खेळाचे नियम एका वाक्यात मावतात. उपग्रहचित्राचा एक तुकडा समोर येतो, त्यात कुठेतरी रूळ असतात, नावगाव काही नसतं, आणि ही जागा जगाच्या पाठीवर कुठे आहे ते आपण शोधायचं. नव्याने येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ॲपचा: कुठलं घ्यावं? मला तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. चित्र किती मोठ्या भागाचं आहे, हे आधी ठरवा. अडीचशे मीटर रुंदीचं चित्र, चार-पाच किलोमीटरचं चित्र आणि पन्नास-शंभर किलोमीटरचं चित्र हे नावाला एकच खेळ आहेत. प्रत्यक्षात तिन्हींत डोकं वेगळ्या दिशेने चालवावं लागतं, आणि एकात रमणारा माणूस दुसऱ्यात कंटाळू शकतो.

रस्त्यावरच्या फोटोंवरून जागा ओळखायचा खेळ अनेकांनी खेळलेला असतो. २०१३ साली आलेल्या जिओगेसरमुळे तो घरोघरी पोचला. तिथे पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटचा रंग, विजेचे खांब अशा खुणा पाठ करून बरीच मजल मारता येते. वरून बघताना यातलं जवळजवळ काहीच हाताशी नसतं. त्या बदल्यात रेल्वेचा स्वतःचा एक नाइलाज आपल्या उपयोगी पडतो. पोलादी रुळावर पोलादी चाक फार चढ सहन करत नाही. मुख्य मार्गावर पन्नास मीटरला एक मीटर चढ म्हणजे चांगलाच कठीण. वळणही झटकन घेता येत नाही. त्यामुळे डोंगर आला की रस्ता नागमोडी वर चढतो आणि रेल्वे लांबचा वळसा घेते, बोगद्यात शिरते किंवा स्वतःभोवती गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाते. ही सक्ती जमिनीवर उमटलेली असते आणि ती लपवता येत नाही.

जवळचं चित्र

इथे फलाट, छपरं, सांधे, उभे डबे, इंजिन शेड, टर्नटेबल (इंजिनाचं तोंड फिरवायची गोल फिरती चकती) सगळं दिसतं. रेल्वेचं वेड आधीपासून असेल तर हा प्रकार तुमचा. मोजपट्टी हे इथलं मुख्य हत्यार. युरोपातला लांब पल्ल्याचा प्रवासी डबा साधारण २६.४ मीटरचा, जपानच्या शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, मधला डबा २५ मीटरचा, भारतातला एलएचबी (नव्या धाटणीचा) डबा सुमारे २४ मीटरचा. कोड्यात प्रमाणपट्टी दिलेली नसेल तरी अडत नाही. मालगाडीवरचा चाळीस फुटी कंटेनर जगभर १२.१९ मीटरचाच असतो. तो शोधायचा, त्यावरून चित्राचं प्रमाण काढायचं आणि मग शेजारच्या रुळावरचे डबे मोजायचे.

नवखा खेळाडू मात्र डबे सोडून रुळांमधलं अंतर मोजायला बसतो, आणि तिथे फसतो. व्यापारी उपग्रहांची उत्तमातली उत्तम चित्रं साधारण ३० सेंटिमीटरला एक ठिपका (पिक्सेल) या दर्जाची असतात. स्टँडर्ड गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं हे अंतर) १४३५ मिलिमीटर, भारतीय ब्रॉडगेज १६७६. फरक २४ सेंटिमीटरचा, म्हणजे एका ठिपक्याहूनही कमी. शहरांवर बऱ्याचदा विमानातून काढलेली, याहून स्पष्ट चित्रं असतात. तिथेही या मोजमापावर पैज लावू नये.

जवळच्या चित्राचा मोठा दोष असा की ते अन्यायकारक बनवणं फार सोपं आहे. दोन रूळ, थोडी खडी, बाजूला गवत, असा तुकडा कुणीही कापून देईल. तो ओळखणं हे कौशल्य नाही, मटका आहे. म्हणून स्टेशन, शेड किंवा यार्ड असेल तरच जवळचं चित्र घ्यावं. खडीचा आणि स्लीपरचा रंग (लाकडी गडद, काँक्रीटचे फिके), तारांच्या खांबांच्या सावल्या, फलाटांची रुंदी एवढा तरी ऐवज हवा. खांब स्वतः वरून टिपक्याएवढाही दिसत नाही, पण त्याची सावली रुळांवर स्पष्ट आडवी पडते. मार्गाचं विद्युतीकरण झालंय का, हे बहुधा त्या सावल्यांवरूनच कळतं.

मधलं चित्र

माझं मत उघडच सांगतो: खरा खेळ इथे आहे. चार-पाच किलोमीटरच्या चित्रात रूळ पुरेसे दिसतात आणि ते ज्या जमिनीतून जातात तीही दिसते. रेल्वेचं ज्ञान आणि भूगोल दोन्ही कामाला लागतात.

गेजचंच उदाहरण घ्या. रशियन पद्धतीचं गेज १५२० मिलिमीटर, पश्चिम युरोपातलं १४३५. साडेआठ सेंटिमीटरचा हा फरक कुठल्याच उपग्रहचित्रात दिसणार नाही. पण पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर, मावाशेविचे आणि ब्रेस्त इथे, या फरकापायी मैलोन्‌मैल यार्डं पसरली आहेत: दोन वेगळ्या रूळजाळ्या शेजारी शेजारी, मध्ये माल एका गाडीतून दुसरीत चढवणाऱ्या क्रेन. चीन आणि कझाकस्तानच्या सीमेवर दोस्तिक आणि खोर्गोसलाही तोच प्रकार. गावाच्या मानाने अवाढव्य यार्ड दिसलं आणि आसपास मोठं शहर नसेल, तर सीमा आणि गेजबदल ही पहिली शंका घ्यावी.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात जमिनीची आखणीच उत्तर देते. अमेरिकेत रस्त्यांचे चौकोन एक मैलाचे. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत बऱ्याच भागांत ते एक बाय दोन मैलांचे आयत होतात. रेल्वे या जाळीला न जुमानता तिरकी जाते. गंमत पुढे आहे. रेल्वेमुळे वसलेल्या गावाचा जुना भाग अनेकदा रुळांना समांतर आखलेला असतो, तर नंतर वाढलेला भाग चौकोनी जाळीला धरून. दोन्हींच्या सांध्यावर रस्ते विचित्र कोनात तुटतात आणि त्या तिरक्या भागाला चिकटून धान्याची कोठारं उभी असतात. शेतात सुमारे ८०० मीटर व्यासाची हिरवी वर्तुळं असतील, म्हणजे मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या यंत्राने पाणी दिलेलं असेल, तर शंका आणखी पक्की होते. फक्त अशी वर्तुळं सौदी अरेबियातही आहेत. तिथे भोवती वाळवंट दिसेल.

खनिजाच्या रेल्वेलाही मधलंच चित्र मानवतं. बंदराशी मोठं थेंबाच्या आकाराचं वळण, म्हणजे गाडी न तोडता रिकामी करून त्याच तोंडाने परत पाठवायची सोय. शेजारी साठ्याचे ढिगारे गंजासारखे तांबडे असतील तर लोहखनिज, काळे असतील तर कोळसा. तांबड्या मातीत तांबडे ढीग आणि दोन किलोमीटरहून लांब गाड्या दिसल्या की बहुतेकांचा हात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागाकडे जातो, आणि बऱ्याचदा बरोबर जातो. २००१ साली इथेच ६८२ वाघिणींची, सुमारे ७.३ किलोमीटर लांबीची गाडी चालवून विक्रम केला गेला. काळे ढीग असतील तर मात्र घाई करू नये. दक्षिण आफ्रिकेतलं रिचर्ड्स बे आणि ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल यांत घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

भातखाचरांवरून गेलेली, सरळसोट पांढरी रेघ आणि तिला चिकटून सलग सावली दिसली तर चीनची हायस्पीड रेल्वे आठवावी. तिथे मार्गाचा मोठा भाग उन्नत पुलांवर आहे. दानयांग-कुनशान पूल सुमारे १६५ किलोमीटरचा आहे. आणि फाटकाकडे नक्की बघा. थांबलेल्या मोटारी रस्त्याच्या कुठल्या बाजूला रांग लावून आहेत यावरून डावीकडून वाहतुकीचा देश की उजवीकडून, हे कळतं. (रांग दोन्ही बाजूंना भरलेली असेल तर खूण बाद. पण तेही एक प्रकारचं उत्तरच.)

लांबचं चित्र

इथे रूळ दिसणं अपेक्षितच नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा. एकेरी मार्गाचा भराव त्याहून अरुंद, तरीही वाळवंटात रंगाच्या फरकामुळे रेघ उमटते. ऑस्ट्रेलियात नलारबोर मैदानावरून जाणारा ४७८ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रूळ, किंवा मॉरिटेनियात झुएरात ते नुआदिबू हा सुमारे ७०० किलोमीटरचा खनिजमार्ग, या प्रकारासाठीच जणू आखले आहेत. हिरव्या, दाट वस्तीच्या प्रदेशात मात्र लांबचं चित्र निराश करतं. एका रेषेत ओवलेली गावं बघून रूळ कुठून जात असतील याचा अंदाज बांधायचा, एवढंच उरतं. नकाशांची जुनी आवड असलेल्यांनी घ्यावं. रेल्वेप्रेमींना यात रेल्वे कमीच सापडेल.

प्रसिद्ध गोल वळणांचं काय?

स्वित्झर्लंडमधलं ब्रुसिओ, कॅलिफोर्नियातलं तेहाचापी, न्यूझीलंडमधलं राउरिमू, दार्जिलिंगचं बतासिया. एकेकदा जरूर बघावीत. तेहाचापीचा वळसा सुमारे १.२ किलोमीटरचा आहे, त्यामुळे गाडी त्याहून लांब असली की तिचं तोंड तिच्याच शेपटाच्या वरून जातं, आणि नशिबाने उपग्रहाने तोच क्षण टिपलेला असतो. ब्रुसिओच्या वळणाची त्रिज्या जेमतेम ७० मीटर. दहा मीटरच्या ठिपक्यांत ते चौदा ठिपक्यांचं होईल, म्हणून ते जवळूनच बघायचं. कोडं म्हणून मात्र ही चारही जुनी झालीत. सरावलेला खेळाडू क्षणात नाव सांगतो.

चित्रं कुठून घ्यायची

संगणकावरचं गुगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट आहे. मोजपट्टी आणि जुन्या तारखांची चित्रं दोन्ही त्यात मिळतात, त्यामुळे सुरुवातीला दुसरं काही लागत नाही. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबॅक संग्रहात २०१४ पासूनच्या आवृत्त्या उलगडून बघता येतात. बांधकाम चालू असतानाचं यार्ड कोड्यात द्यायचं असेल तर हे दोन्ही सोन्यासारखे. लांबच्या चित्रासाठी सेंटिनेल-२. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र, तेही फुकट.

कोडं बनवणाऱ्यांसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी. चित्राच्या तळाशी अक्षांश-रेखांश छापलेले असतात ते कापले जातात, पण श्रेयाची ओळ विसरली जाते. जर्मनीच्या चित्राखाली तिथल्या सरकारी नकाशा खात्याचं नाव आलं की कोडं संपलं. श्रेय द्यायलाच हवं. ते उत्तरासोबत द्या. दुसरं म्हणजे चीन. तिथे गुगलचा नकाशा आणि उपग्रहचित्र एकमेकांपासून काहीशे मीटर सरकलेले असतात. नकाशातली रेल्वेची रेघ शेतातून जाताना दिसली तर रूळ शेजारी शोधावेत.

उत्तर दिशा वर ठेवायची की चित्र फिरवायचं, यावर वाद होतात. चित्र फिरवलं नसेल तर सावलीच अर्धं काम करते. बहुतेक निरीक्षण उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास वरून जातात, म्हणून समशीतोष्ण पट्ट्यात सावली वायव्येला पडली असेल तर उत्तर गोलार्ध, नैऋत्येला असेल तर दक्षिण. उष्ण कटिबंधात हा नियम ऋतूप्रमाणे उलटतो आणि विमानातून काढलेल्या चित्रांना तो लागूच नाही. फिरवलेल्या चित्रात ही खूण हातची जाते. मग कोडं देणाऱ्याने दुसरी काहीतरी ठेवावी.

शोधायची मुभा असावी का?

खेळाडूंमध्ये खरी फूट इथे पडते. बंद पद्धतीत चित्र बघायचं, वेळ ठरलेला, नकाशावर टाचणी टोचायची, चूक किलोमीटरमध्ये मोजायची. उघड्या पद्धतीत वाटेल तिथे शोधा, पण उत्तर नेमक्या जागेचंच हवं.

उघड्या पद्धतीत ओपनरेल्वेमॅप हा रेल्वेचा ऑनलाइन नकाशा हाताशी असतो: गेज, विद्युतीकरण, वेगमर्यादा रंगांनी दाखवलेली. त्याच्या पुढचं पाऊल ओव्हरपास टर्बो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या माहितीला त्यावरून थेट विचारता येतं: या देशात नदीपासून पाचशे मीटरच्या आत असलेली सगळी टर्नटेबलं दाखव. यादी येते, एकेक तपासायची. हे गुप्तहेरी काम काहींना मूळ खेळाहून जास्त आवडतं. पण ही माहिती स्वयंसेवकांनी भरलेली आहे. युरोपात ती दाट, बऱ्याच ठिकाणी विरळ, आणि कुणी न नोंदवलेलं टर्नटेबल यादीत येत नाही. शिवाय नजर यात तयार होत नाही. वर्षभर यादी चाळून बंद कोड्यापुढे बसलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकट्याने खेळणार असाल तर बंद पद्धत, मधलं चित्र, उत्तर दिशा वर. चार-सहा जणांचा गट असेल आणि आठवडाभर एकच कोडं चघळायची तयारी असेल तर उघडी पद्धत, आणि मग चित्र जवळचं असलं तरी चालतं, कारण तिथे डबे मोजणारा एक, सावल्या बघणारा दुसरा आणि यादी काढणारा तिसरा अशी वाटणी आपोआप होते. मुलांसोबत खेळायचं असेल तर लांबच्या चित्रातली वाळवंटं घ्या, रेघ सापडल्याचा आनंद लगेच मिळतो. आणि कोडी स्वतः बनवणार असाल तर चित्र देण्याआधी रूळ झाकून एकदा बघा. रूळ झाकूनही जागा तितक्याच सहज ओळखू येत असेल, तर तुकडा थोडा सरकवा.