लंकावीचा स्काय ब्रिज : आईला घेऊन गेलो आणि ढगात सापडलो

दिवाळीच्या सुट्टीत मलेशियाला जाऊन आलो तेव्हापासून जो तो विचारायलाय, तो ढगातला पूल कसाय, जावं का, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झेपेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखायला लागलीत.

तर लंकावी हे बेट मलेशियाच्या केदाह राज्यात, क्वालालंपूरहून विमानानं तासभर. बेटाच्या पश्चिमेला माचिनचांग नावाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर हा पूल, 125 मीटर लांब, समुद्रापासून साधारण 660 मीटर उंच, फक्त चालणाऱ्यांसाठी. नवी पेठेतला माझा मित्र फोटो बघून म्हणाला, "काय बे, आपलं सोलापूरच साडेचारशे मीटरवर हाय, वरच्या दोनशे मीटरसाठी एवढे पैसे घालवलास?" हिशोब चुकीचा नाही त्याचा, सोलापूर खरंच समुद्रसपाटीपासून साडेचारशेच्या वर आहे. पण आपल्याला ते जन्मात कधी जाणवलंय का? आपल्याकडं कुठल्याही गच्चीवर चढा, भुई सपाट ती सपाटच. तिथं कठड्यावरून खाली बघितलं की आधी जंगल, मग थेट अंदमानचा समुद्र, आणि त्यात सांडल्यासारखी छोटी छोटी बेटं. हवा स्वच्छ असली की थायलंडकडची बेटंपण दिसतात म्हणे, आम्हाला नाही दिसली, ते पुढं सांगतो.

आधी पैशाचं. आमच्या ट्रॅव्हलवाल्यानं (नाव घेत नाही, रोज तोंड बघायचंय) पॅकेज विकताना "सगळं इन्क्लुडेड हाय ओ दादा" म्हणून छातीठोक सांगितलेलं. तिथं गेल्यावर कळलं केबल कारचं तिकीट इन्क्लुडेड, पुलाचं वेगळं, आणि वरच्या स्टेशनवरून पुलापर्यंत नेणारी स्काय ग्लाइड म्हणजे तिरकी लिफ्ट, तिचं आणखी वेगळं. म्हणजे नुसत्या केबल कारच्या तिकिटावर वर जाऊन पूल लांबून बघायचा आणि परत यायचं! त्याला फोन लावला तर "दादा नेटवर्क नाय". तुम्ही जाणार असाल तर तिन्ही गोष्टींची नावं घेऊन विचारा आणि लिहून घ्या.

केबल कार खालच्या ओरिएंटल व्हिलेजमधून सुटते. सहाजणांचा डबा, आम्ही चौघं आणि एक तिथलंच जोडपं. साधारण 2 किलोमीटरच्या वर अंतर, मधे 650 मीटर उंचीवर एक स्टेशन, वरचं 708 मीटर उंचीवर. एका ठिकाणी चढाचा कोन 42 अंश असतो. सोलापूरच्या माणसाला 42 म्हटलं की मे महिनाच आठवतो, पण हे 42 पोटात कळतं. खांबावरून जाताना डबा खडखडला तसं आईनं डोळे मिटले आणि मोठ्यानं "हर्र बोला हर्र" केलं, आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, उचलताना करतात ना तसं. समोरची बाई आधी दचकली, मग हसली, आणि शेवटपर्यंत आईचा हात धरून बसली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

वर पोचलो तर काहीच नाही. म्हणजे खरंच काहीच नाही, नुसतं पांढरं, पुलाचा खांबसुद्धा दिसेना. बायको म्हणाली, "अहो, एवढं लांब येऊन भिंत बघायची का?" चिरंजीव तर खाली चला म्हणून मागंच लागले. पाऊण तास बसलो. बरीच माणसं कंटाळून परत गेली. आणि मग एकदम, पडदा ओढल्यासारखं नाही, तर तव्यावरची वाफ जाते तसं तुकड्या तुकड्यानं ढग निघायला लागलं, आधी खांबाचं टोक, मग तारा, मग वळलेला पूल.

पूल सरळ नाहीये, कमानीसारखा आडवा वळलेलाय, त्यामुळं चालताना दर दहा पावलांवर समोरचं चित्र बदलतं. अख्खा पूल एकाच तिरक्या खांबाला आठ तारांनी टांगलेला, खांब 82 मीटर उंच. एवढं सामान डोंगरावर रस्ता नसताना नेलं कसं, तर हेलिकॉप्टरनं. 2012 ला दुरुस्तीसाठी बंद केला तो थेट 2015 ला उघडला. शाहरुखच्या 2006 च्या डॉनमधली शेवटची मारामारी इथलीच, हे आमच्या आधी तिथं दोन पंजाबी पोरांनी सगळ्यांना ओरडून सांगून झालेलं.

चालताना पूल किंचित हलतो. किंचितच, पण हलतो. मधे मधे जमिनीत काचा बसवल्यात, खाली शंभर मीटरवर झाडांचे शेंडे. पहिल्या काचेपाशी आई थांबली आणि तिनं चपला काढल्या. "आई, अगं कशाला?" तर म्हणे, "काचेवर चपला घालून कसं चालायचं, फुटली तर?" ओल्या काचेवर तिच्या पायाचे ठसे उमटले, पाचही बोटं स्पष्ट. मी तोच फोटो काढला, बाकी समुद्राचे वगैरे सगळे मोबाईलमध्ये धुरकट आलेत.

वीस मिनिटं दिसलं सगळं. मग परत पांढरं.

आता कामाचं. पूल वरच्या स्टेशनपेक्षा खाली आहे हे कुणी सांगत नाही. म्हणजे पायऱ्यांनी जाताना उतार, मजेत जाल, आणि येताना तोच चढ, दमट हवेत, घामानं शर्ट पिळून निघतो. आई ग्लाइडनं गेली-आली, आम्ही शूरपणा करून पायऱ्यांनी, आणि वर आलो तेव्हा ती बाकड्यावर बसून आमच्याकडं कीव आल्यासारखी बघत होती. गुडघे दुखणारं कुणी असेल तर ग्लाइडचे पैसे वाचवू नका.

दिवाळीत जाऊ नका, हे मात्र ठासून सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला तिथं भरपूर पाऊस, नोव्हेंबरातपण भरवसा नाही. डिसेंबर ते मार्च कोरडं. वीज-वारा सुटला की केबल कार थांबवतात, मेंटेनन्सलापण काही दिवस बंद असते, तेव्हा आधी वेबसाईट बघून मग हॉटेल बुक करा. सकाळची पहिली गाडी धरा. आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका, ढगाला वेळ द्यावा लागतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांची पंचाईत आहे, नासी लेमाक म्हणून भात मिळतो त्यात वाळकी मासळी असते. रोटी चनाई मिळाली तर घ्या, आपल्या लेअरवाल्या पराठ्यासारखी, सोबत डाळ, फक्त डाळ शाकाहारी आहे का ते विचारून घ्या. आईनं खाली येऊन बाकड्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं भाकरीचा तुकडा चावून बघितला आणि बिस्कीट समजून पाण्याची बाटली शोधायला लागला, चटणी नंतर लागली त्याला.

पाचपैकी चार. एक ढगाचा कापला, ट्रॅव्हलवाल्याचा हिशोब वेगळा आहे, तो त्याच्या दुकानात जाऊन करणार आहे.