डावखुऱ्या रायफलीचा उलटा फोटो
पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आमची डोंगरउताराची शेती आहे आणि रानडुकरांपासून भात-नाचणी राखण्यासाठी वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर शस्त्रपरवाना झालेला आहे. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि पीकरक्षणासाठी गोळी चालवायची तरी वन विभागाची परवानगी लागते, ती नसताना मी कधीही चाप ओढलेला नाही.

माझ्याकडची .३१५ बोअरची बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट म्हणजे खिट्टी हाताने मागेपुढे ओढावी लागते अशी) उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली आहे आणि मी डावखुरा आहे. डाव्या खांद्याला दस्ता लावल्यावर उजवीकडचा बोल्ट ओढण्यासाठी चापावरचा हात काढून पलीकडे न्यावा लागतो, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तोंडासमोरून उडते आणि उतारावर एका गुडघ्यावर बसलेले असताना या खटाटोपात तोल सुटतो. त्यामुळे डाव्या बोल्टची, चढावर खांद्याला न जाचणारी हलकी रायफल मी कित्येक वर्षे शोधत होतो. सांगलीत दोन-तीन ठिकाणी तशी चौकशी केली आणि पंधरवड्यातच एका अनोळखी माणसाचा फोन आला.

मिरजेच्या एका घराण्यातील परदेशी रायफल विकायची आहे, डाव्या बोल्टची आहे आणि नेम धरण्याच्या दुर्बिणीशिवाय वजन जेमतेम पावणेतीन किलो भरते, असे त्याने सांगितले. "दादा, डावखुऱ्या माणसाच्याच हाती जावी अशी घरच्यांची इच्छा आहे," हे त्याचे वाक्य मला फार भावले. त्याने पाठवलेल्या फोटोत बोल्ट डावीकडे, पुंगळी बाहेर पडण्याची खाच डावीकडे आणि दस्त्यावरचा गालाचा उंचवटा उजवीकडे होता, म्हणजे डावखुऱ्याला हवे तसेच सगळे होते. मी विसार म्हणून ४०,००० रुपये पाठवले आणि चार दिवसांनी परवान्यावर नोंद करून घेण्याच्या नावाखाली आणखी ३५,००० दिले. रायफल आठ दिवसांत पार्सलने येणार होती.

दुसरी रक्कम पाठवली त्याच संध्याकाळी कराडला शिकणाऱ्या पुतण्याने फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा नळीवर कोरलेली अक्षरे उलटी दिसली. मग माझेही लक्ष गेले. नेम डावीकडे-उजवीकडे सरकवण्याची दुर्बिणीवरची फिरकी, रायफल कोणत्याही हाताची असली तरी, एरवी उजव्या बाजूला असते. फोटोत ती डावीकडे होती. उजव्या हाताच्या साध्या रायफलीचा फोटो आरशातल्यासारखा फिरवून मला दाखवला होता. इतकी वर्षे दुर्बीण हाताळूनही हे मला आधी दिसले नाही, याचे फार वाईट वाटते.

कायद्याची बाजूही मी विसरलो होतो. खासगी मालकाला शस्त्र विकायचे असेल, तर जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. माझ्यासारख्याकडे आधीच एक शस्त्र असेल, तर दुसऱ्या शस्त्राची मंजुरी आधी परवान्यावर यावी लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत. आठ दिवसांत पार्सल, ही गोष्ट कुठेच बसत नव्हती.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवल्यामुळे दुसरी रक्कम बँकेत अडवली गेली, पहिली मात्र हाती लागली नाही. फोटो मूळ आणि फिरवलेला, असे दोन्ही मी तक्रारीला जोडले आहेत. सांगली, मिरज किंवा कराड भागात कोणाला असा फोटो आला असेल, तर पैसे देण्याआधी तो आरशातल्यासारखा फिरवून नळीवरची अक्षरे वाचावीत आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक पोलिसांना द्यावा, ही कळकळीची विनंती आहे.