ऊतिसंवर्धित जरबेरा रोपे: माल चांगला, पण क्राउन सांभाळा

ट्रेमधली रोपे एकसारखी, चार-पाच पानांची. एखादे उपसून मुळे बघाच: पांढरी आणि गोळा धरून असतील तर माल घ्या, तपकिरी असतील तर परत पाठवा. बियांच्या रोपांत फुलांचा रंग-आकार बदलतो; ही प्रयोगशाळेत मातृरोपाच्या ऊतींपासून वाढवलेली, म्हणून तो धोका इथे नाही.

मात्र नुसत्या रोपांवर प्लॉट उभा राहत नाही. गादीवाफा ४५ सें.मी. उंच, माथ्यावर ६० सें.मी. रुंद हवा, दोन ओळींत ३७.५ आणि रोपांत ३० सें.मी. अंतर, लावण नागमोडी. मातीचा सामू (pH) ५.५ ते ६.५. भारी काळ्या जमिनीत थेट लावणार असाल, तर ही रोपे घेऊच नका, पैसे वाचवा. क्राउन, म्हणजे पाने-फुले जिथून फुटतात तो रोपाचा बुडखा, मातीच्या १-२ सें.मी. वर राहिलाच पाहिजे. तो पुरला गेला की ओल धरते, फायटोफ्थोरा हा कुजवणारा रोग शिरतो आणि रोप अलगद हातात येते. दोष मग रोपवाटिकेच्या माथी!

सुरुवातीचे दोन महिने कळ्या खुडा. सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, ही मोठी उणीव. फूल कात्रीने कापू नका, दांडा बुडाशी धरून बाजूला वाकवत ओढा. मागे राहिलेला खुंट कुजतो.