एसीसीची अँटीबॉडी, आठ महिने वापरल्यावर (बेळगावहून)

फॅटी लिव्हरवर काम चालू आहे आमचं, हेपजी२ नावाच्या लिव्हरच्या सेल्समध्ये. त्यासाठी गेल्या जूनमध्ये एसीसीची, म्हणजे असिटिल-कोए कार्बोक्झिलेजची, ते प्रोटीन शोधायला रॅबिट मोनोक्लोनल अँटीबॉडी मागवली. शरीरात फॅटी अ‍ॅसिड बनायला सुरुवात करून देणारं एन्झाइम हे.

आल्याआल्याच घोळ. आमच्या बेळगावचा पाऊस माहितीच आहे तुम्हाला, पार्सल बेंगळुरूहून निघून दोन दिवस गोडाऊनमध्ये पडलं आणि हातात आलं तेव्हा आईसपॅकचं नुसतं पाणी. म्हटलं गेले पैसे. पण काही झालं नव्हतं तिला, ग्लिसरॉलमध्ये असते, मायनस २० ला पण गोठत नाही.

पहिले तीन वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये प्रोटीन्स आकारानं वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची, मग अँटीबॉडीनं शोधायची) मात्र कोरे. सगळ्यांनी अँटीबॉडीलाच शिव्या घातल्या, मी तर कंपनीला कडक मेल टाईप करून ठेवला होता, पाठवला नाही ते बरं झालं. कारण मेम्ब्रेनवर पोन्सो, म्हणजे प्रोटीनला लागणारा लाल रंग, मारून बघितलं तर खाली सगळं लाल आणि वरती काहीच नाही, जेल कुमासीच्या रंगात टाकलं तर मोठी प्रोटीन्स तिथंच ठाण मांडून बसलेली! एसीसी१ जवळजवळ २६५ किलोडाल्टनचं, एवढं धूड १० टक्क्याच्या जेलमधून अर्ध्या तासाच्या सेमी-ड्राय ट्रान्सफरला कुठनं बाहेर येणार? मग ६ टक्के जेल, मिथेनॉल २० वरून १० टक्के, बफरमध्ये जरासं एसडीएस (डिटर्जंट), आणि टँक फ्रीजमध्ये ठेवून ३० व्होल्टला रात्रभर. त्यात एकदा रात्री लाईट गेली, पॉवरपॅक यूपीएसवर नव्हता, ते परत करावं लागलं. शेवटी गोकाकची आमची ज्युनियर ओरडली, "अक्का, बँड बंतु!" (बँड आला!) लॅडरच्या, म्हणजे वजनाच्या मोजपट्टीच्या, २५० च्या वर एकच रेघ, सुईनं ओढल्यासारखी.

तरी माझा विश्वास बसेना. एसीसीला बायोटिन जोडलेलंच असतं, म्हणून दुसऱ्या मेम्ब्रेनवर नुसतं बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (एचआरपी म्हणजे बँड दाखवणारं एन्झाइम) टाकलं, त्याच उंचीवर बँड. खाली १३० जवळ पायरुव्हेट कार्बोक्झिलेज दिसतं, तेही बायोटिनवालंच, ते वेगळं, घाबरू नका.

हिचीच फॉस्फो जोडी, सेरिन ७९ वर फॉस्फेट लागलेलं एसीसी ओळखणारी, पण घेतली आहे. तिच्यासाठी मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा दूध पावडरीनं झाकू (ब्लॉक करू) नका हो, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, बॅकग्राऊंड काळंकुट्ट येतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. मेटफॉर्मिन दिलेली लेन बाजूला ठेवली की एएमपीके (एसीसीवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं आणि बँड गडद होतो, तोच कंट्रोल.

१०० मायक्रोलिटरची बाटली, १:१००० नं १० मिली केलं तर दहाच ब्लॉट. मी वरची पट्टी कापून ३ मिलीत भागवते, आणि तेच सोल्यूशन, सडू नये म्हणून अझाइड टाकून, चार वेळा वापरते. सेकंडरीत (पहिलीला चिकटणाऱ्या एचआरपीवाल्या अँटीबॉडीत) अझाइड नको, एचआरपी मरतं. आमच्यात एकानं टाकलं होतं, अख्खा दिवस फुकट.

दुसरा लॉट पहिल्यापेक्षा जरा फिका निघाला, १:७०० करावं लागलं, तेवढीच तक्रार. आणि आयएफसाठी (सेलमध्येच अँटीबॉडी चमकवून मायक्रोस्कोपखाली बघायला) घेऊ नका. डेटाशीटवर तसं लिहिलेलं नव्हतंच, मीच हट्टानं केलं, न्यूक्लियससकट सगळा सेल हिरवागार.