जुना बाजार, पुणे: मिलिटरी डिस्पोजलचा माल चोख, पण पावती नाही

बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलात तर लष्कराने निकाली काढलेला माल विकणाऱ्या या पथारीवर निवडायला भरपूर मिळतं. पिठ्ठू, मेस टिन, पाण्याच्या बाटल्या, बूट, २० लिटरचे जेरीकॅन. मी दारूगोळ्याची रिकामी पत्र्याची पेटी घेतली. झाकणाखालचं रबर शाबूत, कड्या घट्ट, सगळा पावसाळा माझी अवजारं तिच्यात कोरडी राहिली. लोकरी जर्सी ४५० रुपयांना पडली. कोपराला रफू आहे, पण ऊब अस्सल. मालक गोड बोलतो, घासाघीस करू देतो.

माझी तक्रार ब्लँकेटांबद्दल आहे.

मी ऑर्डनन्समध्ये, म्हणजे लष्कराच्या साहित्य-पुरवठा खात्यात, स्टोअर सांभाळलंय. वापरून झिजलेल्या वस्तूंची तपासणी होते, अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, वस्तू कंडम ठरते, मग लॉट पाडून लिलाव. हल्ली असे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. बयाणा भरायचा, बोली लावायची, पैसे चुकते केले की डिलिव्हरी ऑर्डर दाखवून माल आहे तसा उचलायचा.

इथल्या ब्लँकेटांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. गठ्ठ्याची सुतळी तशीच, चिठ्ठीवर अलीकडचं साल. मी विचारलं तर म्हणाला, "लॉटमध्येच आलं, काका." आलं असेलही. जादा झालेला कोरा साठाही रीतसर विकला जातो. मग डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स दाखव म्हटलं, तर ती नाही. निदान पावती दे, तर तीही नाही.

गैरव्यवहार शिरतो तो याच फटीतून. धड माल कागदावर कंडम दाखवायचा, बोली लावणाऱ्यांनी आपसात भाव पाडायचा, काट्यावर वजन कमी लिहून ट्रकमध्ये जास्त भरायचं. या पथारीवाल्याने तसं केलं असं मी म्हणत नाही; त्याच्यापर्यंत माल तिसऱ्या-चौथ्या हातानेही आला असेल. पण थंडीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या पोराच्या वाट्याचं ब्लँकेट फुटपाथवर आलं असण्याची नुसती शंका आली तरी माझ्याच्याने ते घेववत नाही. २०१४ साली नौदलाची जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' भंगारात गेली तेव्हा जीव तुटला होता. तरी तिचा लिलाव उघड झाला, सुमारे ६० कोटींचा आकडा सगळ्यांना कळला, विरोध करणाऱ्यांना कोर्टात जाता आलं. ब्लँकेटांच्या गठ्ठ्याचा असा माग सामान्य माणसाने कुठे काढायचा?

नव्या छापाचे लढाऊ कपडेही टांगलेत, ते अजिबात घेऊ नका. २०२२ मध्ये आलेल्या त्या डिझाइनचे हक्क लष्कराने नोंदवलेत.

पेटी, जेरीकॅन, जर्सी जरूर घ्या. कोरा, सीलबंद माल दिसला तर आधी कागद मागा. मी तीन तारे देतोय. पथारीवर पावतीपुस्तक दिसलं की चौथा तारा मी स्वतः येऊन वाढवीन.