चौदा महिने, पंधरा वॉट आणि मागचा एक जॅक: माझ्या व्हॉल्व्ह ॲम्पचा अनुभव

आज हा गिटारचा ॲम्प उत्तम वाजतोय. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरीच तक्रार आहे आणि ती सगळी ॲम्पबद्दल नाही.

१५ वॉट; व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या: पॉवरचे दोन ईएल८४ आणि त्याआधी सिग्नल वाढवणारे तीन १२एएक्स७; १२ इंची स्पीकर; मागे इफेक्ट्स लूप, म्हणजे बाहेरचं इफेक्ट पेडल मध्ये जोडायला सेंड (बाहेर) आणि रिटर्न (आत) असे दोन जॅक. या वर्गातले ॲम्प तुम्हाला माहीत आहेत, त्यामुळे एकेका बटणाची ओळख करून देत बसत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम देत नाही. ज्या भागाने मला छळलं तो या किमतीच्या कितीतरी ॲम्पमध्ये तसाच्या तसा असतो.

मी वसईला राहतो. रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये वाजवतो, लग्नसराईत बाहेरचे कार्यक्रम करतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ॲम्प घेतला आणि पहिले तीन महिने खरंच सुखाचे गेले. व्हॉल्यूम चारवर ठेवला की स्वर स्वच्छ, सहावर नेऊन जरा जोरात पिक मारलं की कडेला हलकीशी खर येते आणि हात सैल केला की ती आपोआप निघून जाते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं काय वाटतं, ते वाजवणाऱ्यांना सांगायला नको.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज बसला. बंद पडला नाही, बसला. जाड तारांचं अंगच गेलं, नुसती किणकिण उरली. मध्येच एखादा कॉर्ड जोरात मारला की दोन सेकंद पूर्ण आवाज यायचा आणि पुन्हा जायचा. केबल बदलली, गिटार बदलली, पेडल काढून सरळ जोडलं. फरक शून्य.

वॉरंटी होती म्हणून अधिकृत सेवाकेंद्रात नेला. तीन आठवड्यांनी कागद हातात आला: व्हॉल्व्ह कमकुवत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) संशयास्पद, अंदाजे खर्च १६,८०० रुपये. व्हॉल्व्ह वॉरंटीत येत नाहीत, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणे ओलाव्याने गेला, म्हणजे तोही नाही. वर तपासणीचे जीएसटीसह १,१८० रुपये. ट्रान्सफॉर्मर कसा तपासला, कोणत्या टोकांत किती ओम आले, एवढंच मी विचारलं. त्याचं उत्तर काउंटरवर कोणाकडेच नव्हतं. पैसे भरले आणि ॲम्प परत आणला.

मग मी ३,४०० रुपयांची ईएल८४ची जोडी मागवली. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली आणि बाजारात पळापळ झाली, तेव्हापासून यांच्या किमतींकडे बघवत नाही. माझ्या ॲम्पला कॅथोड बायस आहे, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आपोआप जुळतो, त्यामुळे जोडी बसवून मोकळं होता येतं. फिक्स्ड बायस असेल तर मोजून लावावं लागतं, तिथे अंदाजाने काही करू नका. नवी जोडी लावल्यावर दोन दिवस आवाज छान आला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता कळतंय, फरक व्हॉल्व्हमुळे पडलाच नव्हता. काढताना-घालताना ॲम्प हलला, एवढंच.

त्या वेळी मी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं होतं की हा ॲम्प घेऊ नका, व्हॉल्व्ह टिकत नाहीत. ते मी आज मागे घेतो. ती चूक होती.

ऑगस्टअखेरीस एका रविवारी, लोकलला गर्दी कमी असते म्हणून, चौदा किलोचा ॲम्प घेऊन ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतात. वय सत्तरीच्या पुढे. ईएल८४ बघून म्हणाले, “हा तर आमचा रोजचा. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे असायचे, रेडिओत हेच लावायचो.” मी स्क्रू काढायला लागलो तर हात धरला. “थांबा हो, उघडता कशाला? एक छोटी वायर आहे का, दोन्हीकडे जॅकपिन असलेली?”

होती. पेडल जोडायची वीतभर लांब वायर. काकांनी ती ॲम्पच्या मागे सेंडमधून रिटर्नमध्ये घातली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबलो आणि खालची ई तार वाजवली. पूर्ण आवाज! टेबलावरची स्क्रूची डबी थरथरली. वायर काढली, पुन्हा किणकिण. घातली, आवाज.

“कार्बन आलाय,” काका म्हणाले, आणि चहा सांगितला.

झालं होतं ते असं. तुम्ही लूप वापरा की न वापरा, सिग्नल त्या दोन जॅकवरून जातोच. रिटर्नमध्ये काही घातलेलं नसताना आतली एक पितळी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते आणि सगळा आवाज त्या स्पर्शातून पुढे जातो. पिन घातली की पट्टी उचलली जाते. जो लूप वापरतो त्याची पट्टी दर वेळी घासून स्वच्छ होते. माझ्यासारखा जो कधीच वापरत नाही, त्याच्या पट्टीवर वसईची खारी हवा आणि पावसाळा मिळून काळा थर चढवतात. त्या थरातून चढे स्वर निसटून पलीकडे जातात, खालचे अडकतात. म्हणून किणकिण. जोरात वाजवलं की पेटी थरथरते, पट्टी क्षणभर नीट टेकते आणि आवाज येतो.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडली. काकांनी माझ्या फोनमधून गाणं थेट रिटर्नमध्ये सोडलं. खणखणीत वाजलं, ढोल अंगावर येत होते. म्हणजे रिटर्नच्या पुढचं सगळं, पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, ठणठणीत. ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी मला हजारो रुपये मागितले, त्याचं निर्दोषत्व दोन मिनिटांत एका वायरीने सिद्ध झालं. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मग ॲम्प उघडला. इथे एक सांगतो, कृपया गंभीरपणे घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. काकांनी डावा हात खिशात घातला, उजव्या हाताने रेझिस्टर लावलेली क्लिप टेकवली आणि मीटर माझ्याकडे वळवला. ३१२, २४०, १५०, ६०, असा आकडा उतरत गेला. दोनवर आल्यावर त्यांनी दुसरा हात बाहेर काढला. हे काम ज्याला येतं त्यानेच करावं.

भिंगातून ती पट्टी मी पाहिली. नखाच्या टोकाएवढी जागा, बाकी पितळ पिवळं आणि टेकायचा ठिपका तेवढा काळपट, तव्यावर करपल्यासारखा. काकांनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चिंचोळी पट्टी कापली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पट्ट्यांच्या मधून ओढली. कागदावर काळी रेघ उमटली. तीनदा ओढल्यावर चौथी रेघ उमटली नाही. पॉलिश पेपर लावायचा नाही, मुलामा जातो. तरी स्प्रिंगचा ताण कमी वाटला म्हणून नवा जॅक घातला: जॅक ६० रुपये, मजुरी ३००. पूर्वीच्या दोन खर्चांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

कंपनीबद्दल माझी तक्रार आता एवढीच उरली आहे, पण ती मोठी आहे. लूप न वापरणाऱ्याचा सगळा आवाज एका उघड्या पट्टीवर का टांगून ठेवता? लूप बाजूला ठेवणारा एक साधा स्विच द्या. समुद्रकाठी राहणारी माणसंही ॲम्प घेतात. निदान माहितीपुस्तकात दोन ओळी छापा.

बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. डिसेंबरमध्ये नाताळच्या तालमीत एका विशिष्ट स्वरावर काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज यायला लागला. लाकडी पेन्सिलच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकला. गिटारच्या बाजूचा पहिला १२एएक्स७ स्पीकरमधून टणटणला. ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन, तो तिसऱ्या जागी नेला आणि तिसरा पहिल्या जागी आणला. तिसऱ्या जागी पुढे फारसं वाढवणं उरत नाही, त्यामुळे तिथे तो गप्प आहे. खर्च शून्य.

मार्चमध्ये गुणगुण सुरू झाली. यासाठी कान पुरतो. जाड ई तारेचा तिसऱ्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) जी स्वर ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याच्या जवळपास असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे आधी फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्यायचा. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थिंग किंवा वायरिंग बघायचं. माझी खालची निघाली. हॉलच्या एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थची तारच नव्हती. बोर्ड बदलून घेतला. व्हॉल्व्हचा ॲम्प अर्थशिवाय लावणं धोक्याचं आहे, गुणगुण ही नुसती सूचना.

स्पीकरवर संशय असेल तर मीटर लावा. ८ ओमचा स्पीकर सहा-सातच दाखवतो, ते बरोबर आहे. घाबरून नवा आणू नका. स्पीकर काढून ठेवून ॲम्प चालू मात्र कधीच करू नका, मग ट्रान्सफॉर्मर खरोखर जाईल.

आता दुसरा पावसाळा लागलाय. दर रविवारी तालमीआधी, ॲम्प बंद असताना, रिटर्नमध्ये पिन दहा वेळा आत-बाहेर करतो. जूनपासून एकदाही आवाज बसलेला नाही. जुनी ईएल८४ची जोडीच परत लावली आहे, नवी डब्यात आहे. आणि त्या १,१८० रुपयांबद्दल सेवाकेंद्राला तिसरं पत्र सोमवारी टाकलं, सोबत ट्रान्सफॉर्मर तपासल्याची नोंद मागितली आहे.