नौपाड्यातलं पाळणाघर: रजा संपल्यावर माझी नोकरी टिकली ती यांच्यामुळे

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. बाळंतपणाची रजा संपत आली आहे, बाळ नुकतंच पालथं पडायला लागलंय, दोन्हीकडच्या आज्या लांब आहेत आणि सकाळी ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची आहे, अशा आईने हे सगळं वाचावं. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी नौपाडा, पाचपाखाडीत चांगली पाळणाघरं बरीच आहेत.

मी महापे एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत हजेरी, पगार, पीएफ, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) बघते. त्यामुळे रजेचा अर्जही माझ्याच टेबलावर येतो आणि राजीनामाही. भरपगारी रजा घेऊन परत आलेली बाई महिन्या-दोन महिन्यांत राजीनामा देते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. शेवटचा हिशेब करायचा, पीएफचे कागद द्यायचे, आणि ती गेली. मग जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणतंच, "सहा महिने बसून पगार घेतला आणि पळाली." मला हे ऐकवत नाही. माझ्यासमोर बसून राजीनाम्यावर सही करताना रडलेल्या बायका मी पाहिल्यात. नोकरी नको म्हणून कोणी इतकं रडत नाही. बाळ कुणाकडे ठेवायचं, हा एकच प्रश्न त्यांना सुटलेला नसतो.

तो सुटत नाही याचं कारण साध्या महिन्यांच्या हिशेबात आहे. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. 2017 च्या दुरुस्तीआधी ती 12 आठवडेच होती. या 26 पैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. डॉक्टरांनी आठव्या महिन्यातच घरी बसवलेल्या बाईची रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. अगदी शेवटपर्यंत कामावर आलेल्या बाईचंही सहा महिन्यांच्या आतबाहेर. आता पाळणाघरांना फोन करून बघा. मी कोपरीपासून वर्तकनगरपर्यंत केले. "दीड वर्षाचं झालं की आणा." "चालायला लागलं की घेतो." एका बाईंनी प्रेमाने समजावलं की शी-शू सांगणारं मूल असेल तरच आम्हाला झेपतं. त्यांचंही खोटं नाही, तान्ह्या बाळाला एक माणूस पूर्ण लागतं. पण मधलं वर्षभर बाळाने राहायचं कुठे? माझ्या टेबलावरचे राजीनामे याच वर्षभरातले असतात.

हे पाळणाघर चार महिने पूर्ण झालेलं बाळ घेतं. माझ्यासाठी इथेच अर्धी लढाई जिंकली.

जागा गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या एकत्र केलेल्या, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. भिंतींवर कार्टून नाहीत की रंगीत घसरगुंडी नाही. बघायला आलेल्या काही जणींचा त्यानेच विरस होतो. चालवणाऱ्या काकू आधी बालवाडीत शिकवायच्या. हाताखाली तीन मावशी, त्यातल्या दोन फक्त तान्ह्यांसाठी. तान्ह्यांच्या खोलीत एका वेळी सहाच बाळं घेतात, सातवं नाही, ओळख काढली तरी नाही. रांगणारी आणि पळणारी मुलं पलीकडे, मध्ये कमरेइतकं लाकडी फाटक. खिडक्यांना जाळ्या, दुपट्यांची ज्याची त्याची वेगळी पिशवी, आणि गाद्या रोज अंगणात उन्हाला टाकलेल्या.

मी भाळले ती दुधाच्या पद्धतीवर. आदल्या दिवशी काढलेलं दूध मी बर्फाच्या पिशवीत घालून नेते. मावशी दारातच पिशवी उघडते आणि माझ्यासमोर बाटलीवरची चिकटपट्टी वाचते: नाव, तारीख, काढल्याची वेळ. पट्टी नसेल तर बाटली आत जात नाही. फ्रिजमध्ये जुनी बाटली पुढे, नवी मागे. पाजायच्या वेळी बाटली गॅसवर ठेवत नाहीत. पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात ती उभी करतात, हलक्या हाताने फिरवतात, मनगटावर थेंब टाकून बघतात. मग वाटी-चमच्याने, बाळाला मांडीवर तिरकं धरून, घाई न करता पाजतात. उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी राखत नाहीत, टाकून देतात आणि किती टाकलं ते वहीत लिहितात. आईच्या दुधाचा एक घोट टाकतानाही त्या मावशीचा जीव तुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी टाकते.

ती वही म्हणजे या जागेचा जीव. दर बाळाची वेगळी, साधी दोनशे पानी. "11.20 दूध 90 मिली. 12 ते 1.40 झोप. शी एकदा, बरी. दुपारी कुरकुर, दात असेल, हिरड्या बघा. 4 ला आई आठवली, मांडीवर घेतलं." संध्याकाळी गाडीत उभ्याने मी ही वही वाचते. ॲप नाही, कॅमेरा नाही. कॅमेरा नसल्याचा त्रास होणाऱ्या आया असतील आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मला वहीतलं "आई आठवली" वाचल्यावर विश्वास बसला, कारण बाळ दिवसभर हसत होतं असं लिहिणं सोपं असतं.

सुरुवात हळूहळू करतात. पहिल्यांदा आईसकट तासभर, मग आई बाहेर ओट्यावर, मग अर्धा दिवस. रजेतले शेवटचे काही दिवस त्यासाठी शिल्लक ठेवा. सोमवारी बाळ सोडून सोमवारीच कामावर जायचा बेत काकू मान्यच करत नाहीत.

पैशाचं स्पष्ट सांगते. एक वर्षाखालच्या बाळाला पूर्ण वेळ महिना 11,000, वेळ सकाळी आठ ते सव्वासात. नंतर दर अर्ध्या तासाला 100. डबा, लंगोट, औषध आपलं. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व तिथेच ताजं करतात, त्याचे 1,200 वेगळे. नौपाड्यासाठी हे रास्त आहे. तरीही ज्या मुलीच्या हातात महिना 24,000 येतात, तिचे यातच निम्म्याहून जास्त गेले. वर पास, घणसोलीहून कंपनीपर्यंतची शेअर रिक्षा, आजारपणातल्या बिनपगारी सुट्ट्या. उरतात आठ-नऊ हजार. मग घरातलेच म्हणतात, एवढ्यासाठी कशाला बाळाची आबाळ? मी दर वेळी एकच सांगते: फी फक्त आईच्या पगारातून वजा करू नका. बाळ दोघांचं आहे, फी दोघांच्या पगारातून जाते. घरात असा हिशेब बदलला म्हणून नोकरीत टिकलेल्या मुली मला माहीत आहेत.

कायद्यात आणखीही काही आहे, ते आपल्याकडे कुणी वापरत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजायची सुट्टीही आहे. आमची कंपनी पन्नासच्या आतली. बाळ ठाण्यात, मी महाप्यात, तेव्हा त्या दोन सुट्ट्यांत मी रेकॉर्डच्या खोलीला आतून कडी लावून दूध काढते. ती कडी मी मागून बसवून घेतली. कायद्यात पाळणाघर एकट्याने किंवा इतरांबरोबर सामाईक करायचीही मुभा आहे. आमच्या रस्त्यावरच्या चार-पाच लहान कारखान्यांनी मिळून एक गाळा घेतला आणि अशा दोन मावशी नेमल्या, तर मला ठाण्याची फी भरावी लागणार नाही आणि त्यांची शिकलेली माणसंही जाणार नाहीत. हे मी आमच्या शेठना लेखी दिलंय. ते नाही म्हणाले नाहीत, विचार करतो म्हणाले.

शेठचीही बाजू आहे आणि ती मला रोज कागदावर दिसते. पगार 21,000 पर्यंत असेल तर बाई ईएसआयसीत येते, आणि विम्याचे हप्ते भरल्याची अट पूर्ण असली की रजेचे पैसे ईएसआयसी देते. त्यावरच्या पगाराचे 26 आठवडे मात्र सगळे मालकाच्या खिशातून. शिवाय बदली माणूस, त्याला शिकवणं. एवढं करून बाई सोडून गेली तर लहान धंद्याला ते लागतं. पण त्या रागात कंपन्या जे करतात ते मला पटत नाही. ओळखीतल्या एका मुलीला तिच्या कंपनीने रजेचा पगार परत भर, मगच अनुभवाचं पत्र देतो असं सांगितलं. रजेचा पगार हे कर्ज नव्हे. परत आलीच पाहिजे, नाहीतर पैसे वसूल, असं कायद्यात कुठेही नाही. नेमणूकपत्रातला नोटीसचा काळ तेवढा पाळायचा असतो. तिने तो पाळला होता.

बापाच्या रजेबद्दल काय लिहू? केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. खासगी कंपन्यांवर तसं बंधनच नाही, कंपनीने दिली तर दिली. माझ्या नवऱ्याने साठवलेल्या सुट्ट्या वापरल्या. केंद्र सरकारच्या खात्यातल्या नणंदेला बालसंगोपनाची 730 दिवसांपर्यंत रजा घेता येते आणि तिच्या मनात नोकरी सोडायचा विचार कधी आलाच नाही. आईची माया दोघींची सारखीच आहे.

या पावसाळ्यात काकूंची खरी परीक्षा झाली. दुपारनंतर गाड्या बंद, मी घणसोलीला अडकलेली. बसने निघाले तर विटाव्याच्या पुलाखाली पाणी. नवरा दादरला. मी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, "बाळ झोपलंय, तू धावू नकोस, कळव्याहून चालत आलीस तरी चालेल, मी आहे." रात्री उशिरा पोचले. तिघा बाळांच्या आया अजून वाटेत होत्या, दोन्ही मावशी थांबलेल्या. त्या दिवसाचा जादा आकार काकूंनी कोणाकडूनच घेतला नाही. मी मावशींच्या हातात काही ठेवलं तर त्यांनी आधी काकूंकडे बघितलं, मग घेतलं.

आता कापलेला अर्धा गुण. शनिवारी तीनला बंद होतं, आणि एमआयडीसीत शनिवार पूर्ण असतो. आमच्याकडे नवऱ्याला सुट्टी आहे म्हणून निभतं. गणपतीत मावशी कोकणात जातात, तेव्हा काही दिवस तान्ह्यांची खोली बंदच, आणि हे काकू आठवडाभर आधी सांगतात. निदान महिनाभर आधी सांगायला हवं, आम्हालाही रजा मांडावी लागते. संध्याकाळी सहानंतर मोठ्या मुलांच्या खोलीत टीव्ही लागतो, तो आवाज इकडे येतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. टीव्हीचा आवाज कमी झाला, गणपतीचं पुढच्या वर्षी कळेल.

ताप असलेलं बाळ घेत नाहीत. मध्येच ताप आला तर दोन तासांत न्यायचं. हा नियम मला मान्य आहे, माझ्या मुलीलाही तो वाचवतो. पण कामावर याचीच किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. पहिल्या वर्षी बाळं सतत सर्दी-तापाने आजारी पडतात, आणि रजेवरून परत आलेल्या बाईच्या खात्यात तेव्हा सुट्ट्या फारशा उरलेल्या नसतात. आम्ही दोघांनी वार वाटून घेतलेत: सोमवार ते बुधवार फोन आला तर मी, गुरुवार-शुक्रवारी तो. काकूंच्या रजिस्टरात दोघांचे नंबर त्याच क्रमाने लिहिलेत. नाहीतर फोन नेहमी आईलाच जातो.

जागा मिळवायची तर गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच जाऊन नाव लावा, सहाच बाळं घेत असल्याने यादी लांब असते. दुपारी दोन ते तीनमध्ये जा, तेव्हा बाळं झोपलेली असतात आणि काकूंना बोलायला वेळ असतो. बेल वाजवू नका, फाटकाची कडी हलवा. लसीकरणाच्या कार्डाची प्रत, डॉक्टरांचा नंबर आणि बाळाला घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो लागतो. नवऱ्यालाही बरोबर न्या, काकू त्यालाही दूध कसं गरम करायचं ते दाखवतात.